बाराव्या रकान्यातलं ‘नाही’

सरकारी भरतीचं मैदान मारलं, लेखी झाली, मेडिकलही झालं. आता राहिला एक कागद : साक्षांकन नमुना, म्हणजे उमेदवारानं स्वतःची माहिती भरून द्यायचा फॉर्म. त्यात प्रश्न असतो, तुमच्यावर कधी खटला भरला होता का? अटक, दंड?

इथे पेन अडतं. बांधाच्या भांडणात भाऊबंदांनी अख्ख्या घरावर केस घातलेली असते, पोराचं नाव त्यात ओघानं आलेलं. पुढे तडजोड होते, कोर्ट सोडून देतं. ‘सुटलास ना, मग नाही लिही,’ असं सांगणारा एखादा जाणता गावात भेटतोच. घोळ इथूनच सुरू होतो. दोषी होतात का, असं कुणी विचारलेलंच नसतं. खटला झाला का, एवढंच विचारलेलं असतं. निर्दोष सुटलेल्यानंही तिथे ‘हो’च लिहायचं असतं आणि पुढे निकालाची तारीख.

राजस्थानातल्या बुंदीच्या केंद्रीय विद्यालयात नेमणूक झालेल्या एका क्रीडाशिक्षकानं या नमुन्याच्या रकाना 12 आणि 13 मध्ये ‘नाही’ लिहिलं. मारामारीचा खटला मात्र त्याच्यावर चालू होता. कारण काय दिलं? फॉर्म इंग्रजीत होता, मी हिंदी माध्यमाचा, प्रश्न कळला नाही. बी.ए., बी.एड., एम.एड. झालेल्याच्या तोंडी हे सर्वोच्च न्यायालयाला पटलं नाही. सरकारनं पुढे तो खटला मागे घेतला, तरी 2003 च्या निकालात नोकरी गेली ती गेलीच. मुलांसमोर उभा राहणारा माणूस खोटं लिहितो, हा आक्षेप मारामारीच्या कलमांपेक्षा जड ठरला.

उलट सर्वोच्च न्यायालयाचाच 2011 चा, दिल्ली पोलिसांच्या भरतीबद्दलचा निकाल. हेड कॉन्स्टेबलच्या अर्जात एका तरुणानं रकाना 12 (अ) समोर ‘नाही’ लिहिलं होतं, पण निवडीनंतरच्या साक्षांकन नमुन्यात त्यानं तडजोडीनं मिटलेला खटला स्वतःच सांगितला. विशीतल्या पोराची चूक म्हणून न्यायमूर्ती मार्कंडेय काटजूंच्या पीठानं ती पोटात घातली. निकालात ‘ले मिझराब्ल’ कादंबरीतल्या पाव चोरणाऱ्या ज्याँ व्हालज्याँचीही आठवण काढली.

अशा उलटसुलट निकालांचा मेळ घातला तो 2016 साली, ‘अवतार सिंग’ खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाच्याच तीन न्यायमूर्तींनी. कोवळ्या वयातल्या घोषणाबाजीसारखी किरकोळ बाब दडवली असेल, तर नेमणूक करणारे वरिष्ठ ती सोडून देऊ शकतात. फॉर्ममधला प्रश्नच मोघम असेल, तर न विचारलेलं सांगितलं नाही म्हणून उमेदवाराला धरता येत नाही. पण खरं सांगितलं म्हणजे नोकरी पक्की, असंही नाही. पूर्वेतिहास पाहून नकार देण्याचा हक्क सरकारकडे राहतोच. प्रामाणिक पोरांना हे जाचतं, आणि मला तरी त्यांची तक्रार रास्त वाटते.

आणखी एक. केंद्र सरकारच्या साक्षांकन नमुन्याच्या माथ्यावरच ताकीद असते : फॉर्म दिल्यानंतर अटक झाली, तरी तेही लगेच कळवायचं. न कळवलं, तर तीही लपवाछपवीच धरली जाते.