इशारा खरा की आवई? कापसाच्या हंगामात फोनवर येणाऱ्या संदेशांची पारख

आदिलाबाद : कापूस घरात येऊ लागला की आदिलाबादच्या मार्केट यार्डाकडे गाड्यांची रीघ लागते आणि शेतकऱ्यांच्या फोनवर संदेशांची. एक संदेश बजावतो, ‘अमुक नावाचा व्हिडिओ उघडू नका, फोन कायमचा बंद पडेल, रेडिओवर सांगितले आहे, सर्वांना कळवा.’ दुसरा शांतपणे सांगतो, ‘पीएम किसानचा हप्ता अडकला आहे, सोबतची फाइल उघडून माहिती भरा.’ पहिला वाचून माणूस हादरतो. दुसरा वाचून निःशंकपणे बोट टेकवतो. वास्तविक पहिल्या संदेशातला व्हिडिओ बहुधा अस्तित्वातच नसतो आणि दुसऱ्यातील फाइल बँक खाते रिकामे करू शकते. भीती चुकीच्या ठिकाणी खर्च होते, ही यातील खरी अडचण आहे.

इशारा हाच विषाणू

ही आवई जुनी आहे. १९९४ च्या अखेरीस ‘गुड टाइम्स’ या शीर्षकाचे ईमेल उघडू नका, संगणकातील सारी माहिती पुसली जाईल, असा इशारा जगभर फिरला. त्या काळचे ईमेल म्हणजे निव्वळ मजकूर. तो वाचल्याने संगणक बिघडणे शक्य नव्हते. तरीही वाचणाऱ्याने तो दहा जणांना पाठवला आणि त्या दहांनी आणखी शंभरांना. स्वतःच्या प्रती काढण्याचे विषाणूचे काम माणसांनीच स्वखुशीने केले.

२००२ मध्ये त्यात आणखी एक युक्ती आली. संगणकात टेडी अस्वलाचे चित्र असलेली फाइल सापडली तर ती विषाणू समजून ताबडतोब पुसा, असे ईमेल फिरले. ती विंडोजचीच निरुपद्रवी फाइल होती. त्यामुळे शोधणाऱ्याला ती सापडत असे आणि सापडली म्हणजे इशारा खरा, अशी त्याची खात्री पटत असे. पुढे २०१७ च्या सुमारास भारतात व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डान्स ऑफ द हिलरी’ या व्हिडिओची हूल उठली. नाव बदलले होते, घडण तीच होती.

अशा आवया नेहमीच निरुपद्रवी राहतात असे नाही. मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. त्याच वर्षी तेलंगणातही ही अफवा फिरत होती. जोगुलांबा गदवाल जिल्ह्याच्या तत्कालीन पोलीस अधीक्षक रेमा राजेश्वरी यांनी गावोगावी पोलीस आणि लोककलावंत पाठवून लोकांना सावध केले. जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठवलेल्या संदेशांवर तशी खूण दाखवण्यास सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवण्याची मर्यादा घातली.

खरा धोका गाजावाजा करत नाही

खऱ्या विषाणूची रीत वेगळी असते. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ या शीर्षकाचे ईमेल परिचितांच्याच पत्त्यावरून येऊ लागले. सोबतची फाइल प्रेमपत्र म्हणून उघडली की ती त्या संगणकातील सर्व पत्त्यांवर स्वतःला धाडत असे. ओळखीच्या माणसाचे नाव हेच तिचे बळ होते. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने तर कोणी काही उघडण्याचीही वाट पाहिली नाही. शेजारच्या आंध्र प्रदेशात पोलिसांचे काही संगणक त्याच्या तावडीत सापडले. त्यावरचा उपाय, म्हणजे विंडोजची सुधारित आवृत्ती, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच उपलब्ध केली होती. ज्यांनी ती वेळेवर घेतली, ते संगणक वाचले.

सध्या हा धोका ‘एपीके’ फाइलच्या रूपाने फोनवर येतो. ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलान’, ‘लग्नपत्रिका’ अशी तिची नावे असतात. एपीके म्हणजे कागद वा छायाचित्र नव्हे, ते एक संपूर्ण अ‍ॅप असते. ते फोनमध्ये बसले की एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. परवानगी मिळताच बँकेचा ओटीपी धन्याआधी चोराला कळतो. पुढे त्याच फोनवरून ती फाइल नातेवाइकांना जाते. म्हणून मामाच्या क्रमांकावरून आलेली फाइल मामानेच पाठवली असेल, असे धरून चालता येत नाही.

अ‍ॅप घ्यावेच लागते, तेव्हा

‘कोणतेही अ‍ॅप घेऊ नका’ हा सल्ला आदिलाबादच्या शेतकऱ्याच्या उपयोगाचा नाही. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला आणि भारतीय कापूस महामंडळाला, म्हणजे सीसीआयला, कापूस देण्यासाठी ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी बंधनकारक झाली. अ‍ॅप खरे आहे. प्रश्न ते कोठून घ्यायचे, एवढाच आहे. ते प्ले स्टोअरमध्ये जाऊन स्वतः शोधून घ्यावे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली त्याच नावाची फाइल उघडू नये.

सीमेवरच्या मराठी माणसाला आणखी एक व्यवधान सांभाळावे लागते. पैनगंगेपलीकडच्या सोयऱ्यांकडून ‘लाडकी बहीण’चे दुवे येतात, अलीकडे ‘रयतु भरोसा’चे. लाडकी बहीण ही महाराष्ट्राची योजना, रयतु भरोसा तेलंगणाची. ज्या राज्याच्या योजनेसाठी आपण पात्रच नाही, तिचा हप्ता आपल्या नावे अडकण्याचे कारण नाही.

पारख कशी करावी

संदेश आपल्याला काय करायला सांगतो, ते आधी पाहावे. ‘सर्वांना पाठवा’ असा आग्रह, तारखेचा अभाव आणि ‘रेडिओवर सांगितले’ अशी मोघम साक्ष असेल, तर ती बहुधा आवई असते. ‘लगेच दाबा, नाहीतर पैसे बुडतील’ अशी घाई असेल, तर तो सापळा समजावा. खऱ्या इशाऱ्यात तारीख असते, तो देणाऱ्या संस्थेचे नाव असते, कोणत्या प्रणालीला धोका आहे आणि उपाय कोणता हेही असते. केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या यंत्रणेचे इशारे तिच्या संकेतस्थळावर पडताळता येतात. केंद्र सरकारसंबंधीच्या दाव्यांची शहानिशा पत्र सूचना कार्यालयाचा तथ्य-तपासणी विभाग करतो. दुव्याचा पत्ता वाचताना सुरुवातीच्या ‘https://’ नंतर येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेषेआधीचा भाग पाहावा. तो ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ने संपत असेल, तर पत्ता सरकारी, त्यापुढे दुसरेच काही जोडलेले असेल, तर नाही.

चुकून फाइल बसलीच तर

प्रथम फोनचे इंटरनेट बंद करावे. दुसऱ्या फोनवरून १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवून खाते, कार्ड व यूपीआय थांबवावे. त्यानंतर ते अ‍ॅप काढून टाकावे आणि आप्तांना सावध करावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे असते. म्हणून लोक काय म्हणतील, या संकोचात रात्र घालवू नये. वर्षभराच्या कष्टाचा पैसा खात्यात एकदाच येतो; फाइल उघडण्यापूर्वी पाठवणाऱ्याला फोन करून ‘हे तूच पाठवलेस का?’ असे विचारायला मिनिटभरही लागत नाही.