118 अंश आणि गुळव्याची गोळी

उसाच्या रसात पाचांपैकी जवळजवळ चार भाग पाणी असते. त्यातले किती उडवायचे आणि कुठे थांबायचे, एवढ्यावर गुऱ्हाळाचा सगळा खेळ चालतो. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांत चरकातला रस काहिलीत पडतो, चुलवाणात चिपाडे सारली जातात, रानभेंडीच्या चिकाने मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढतात. हे पाहून पाहून कुणालाही जमेल. 105 अंशांच्या आसपास रसाची काकवी होते. त्यानंतर बुडबुडे जड होतात, पाक तार धरू लागतो, आणि गूळ शिजवणारा गुळव्या काहिलीपासून हलत नाही. तो थेंबभर पाक गार पाण्यात सोडतो आणि बोटांत वळून पाहतो. घट्ट गोळी वळली की काहील उतरते. थर्मामीटर तेव्हा साधारण 118 अंश दाखवतो.

मग तार, गोळी हे शब्द सोडून 118 एवढेच शिकवले तर काय बिघडले? बिघडते ते असे. पाकाचे तापमान त्यात एकूण किती विरघळले आहे याचा अंदाज देते, काय विरघळले आहे ते सांगत नाही. तोडून उन्हात पडलेल्या उसात साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वाढतात. रस आंबट असेल तर उकळतानाही हेच घडते, म्हणून त्यात चुना घालतात. ही फुटलेली साखर कणी धरू देत नाही आणि हवेतला ओलावा ओढते. त्यामुळे 118 अंशांवर उतरवलेली एक काहील खडखडीत ढेप देते, तर तितक्याच अंशांवरची दुसरी मऊ राहते आणि पावसाळ्यात पाझरते. थर्मामीटरला दोन्ही सारख्याच. गोळी मात्र बोटाला चिकटते, लोळते किंवा आकार धरते, आणि गुळव्याला हवे असते ते नेमके हेच कळणे. गुऱ्हाळावरचे हे शब्द मोजमापाचेच आहेत.

यावर आक्षेप येतो की असे माप एका माणसाच्या बोटांत अडकून पडते. तो थकला, रात्रपाळीला पेंगला, दुसऱ्या गुऱ्हाळावर गेला, की मापही गेले. आक्षेप खरा आहे. शेवटच्या काही मिनिटांत पाक करपायला वेळ लागत नाही, म्हणून थर्मामीटर असायलाच हवा. पण त्यातून गुळव्या नको असे निघत नाही. निघते ते हे, की प्रत्येक काहिलीमागे ऊस कधी तोडला, गोळी 118 च्या अलीकडे वळली की पलीकडे, आणि ढेप कशी बसली, याची नोंद व्हावी. आकड्यामुळे शिकाऊ माणूस वेळेवर सावध होईल; काहील उतरवायची की नाही, हे त्याला गुळव्याशेजारी उभे राहून गोळ्या वळतच शिकावे लागेल. त्या शिकण्याच्या दिवसांची मजुरी देण्याची तयारी नसेल, तर कौशल्य लोपत चालल्याची तक्रार मालकांनी करू नये.