कोरीव चौकट कशी पाहावी ?

कोरीव लाकूडकाम पाहताच ‘किती हुबेहूब !’ असा उद्गार सहज निघतो. हुबेहूबपणा हा गुण खरा. परंतु कलाकृतीची पारख तेवढ्यावर संपत नाही. ही पारख शिकविण्याचे साधन पुष्कळदा शाळेच्या वाटेवरच असते. ते म्हणजे जुन्या वाड्याची कोरीव चौकट.

अंबाजोगाईच्या हत्तीखान्यातील खडकात कोरलेले हत्ती या भागातील मुलांच्या परिचयाचे आहेत. तुलनेचा आरंभ तेथून करावा. दगडाला लाकडासारखे तंतू नसतात. लाकडाचा बारीक भाग तंतूंना आडवा कोरला, तर तो चटकन मोडतो. म्हणून कुशल कारागीर वेलीचा नाजूक देठ शक्यतो तंतूंच्या दिशेने नेतो, अथवा त्याच्या पाठीमागे लाकडाचा आधार राखतो. अशा जागी वेलीचे वळण लाकडाचा स्वभाव ओळखून घेतलेले असते. ते ध्यानात येणे हीच रसग्रहणाची पहिली पायरी होय.

दुसरी पायरी उपयोग व सौंदर्य यांचे नाते पाहण्याची. पुण्यातील विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावासाठी १८०७ च्या सुमारास बांधला गेला. त्याचे सुरूच्या आकाराचे कोरीव लाकडी खांब भार पेलतात आणि दृष्टीला वरही नेतात. तेथे नक्षी वरून चिकटविल्यासारखी वाटत नाही.

तिसरी पायरी हाताची खूण ओळखण्याची. चौकटीच्या दोन बाजूंची फुले तंतोतंत सारखी नसतात. हा दोष मानू नये. मात्र रेषा चाचरत गेली असेल, तर तेही मोकळेपणी सांगावे. डोळस कौतुकच खरे कौतुक.

पाठ देताना शिक्षकाने आधी माहिती सांगू नये. मुलांनी दोन मिनिटे शांतपणे पाहावे. मग विचारावे : काय कोरले आहे ? कोठे खोल, कोठे उथळ ? येथेच का कोरले असावे ? सकाळी व सायंकाळी सावल्या कशा बदलतात, तेही दाखवावे. नंतर ओल्या मातीच्या वडीवर काडीने एक पान कोरावयास द्यावे. नियम एकच : काढलेली माती परत लावावयाची नाही. लाकूडही एकदा निघाले की परत बसत नाही. कारागिराच्या प्रत्येक घावामागील अवधान मुलांना तेव्हा कळेल.

वाडा पडला की अशी चौकट सरपणात जाते किंवा जुन्या लाकडाच्या भावाने विकली जाते. जी वस्तू पाहावयास कोणी शिकविलेच नाही, ती राखावी असे कोणाला वाटणार ?