विचाराला वस्तू लागतेच का?

युरेनसची कक्षा हिशोबात बसत नव्हती. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी गणिताने एका न दिसलेल्या ग्रहाची जागा काढली आणि 1846मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत नेपच्यून सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतही तफावत दिसली. 1859मध्ये त्यांनी सूर्य आणि बुध यांच्यामध्ये काहीतरी फिरत असावे, असे मांडले. त्या ग्रहाला व्हल्कन हे नावही मिळाले, तो पाहिल्याचे दावेही झाले. 1915मध्ये आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताने ती तफावत ग्रहाविनाच उलगडली. व्हल्कन नव्हताच.

गैरसमज: जे नाही, त्याचा विचार करता येत नाही.

दोन्ही वेळा ल व्हेरिए यांची विचार करण्याची रीत एकच होती. एका विचाराला आकाशात ग्रह मिळाला, दुसऱ्याला मिळाला नाही. तरी दुसरा विचार पोकळ नव्हता. त्यातून आकडेमोड झाली, सूर्यग्रहणांत शोध झाला, आणि शेवटी तो खोटाही ठरवता आला.

गैरसमज: मग तो विचार मनातल्या चित्राबद्दल होता.

हा गैरसमज सर्वांत चिवट, कारण तो समजूतदार वाटतो. पण मनातले चित्र तर खरोखरच होते. विचार त्याच्याबद्दल असता, तर ल व्हेरिए बरोबर ठरले असते! दुर्बिणी सूर्याजवळच्या आकाशाकडे रोखलेल्या होत्या, कुणाच्या मनाकडे नव्हे. विचाराचा आशय वेगळा आणि त्याचा विषय वेगळा, हे पोलिश तत्त्वज्ञ ट्वार्डोव्स्की यांनी 1894मध्येच स्पष्ट केले होते.

गैरसमज: निदान डोळ्यांना दिसते ते तरी समोर असतेच.

शिंपल्याच्या जागी चांदी दिसते तेव्हा काय घडते, यावर भारतीय दर्शनांनी शतकानुशतके वाद घातला. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणतात, चांदी खरी आहे, पण दुसरीकडे. ती इथे आहे असे वाटणे एवढीच चूक. मीमांसक प्रभाकरांच्या मते समोरचे दिसणे आणि चांदीची आठवण यांतला फरक ध्यानात येत नाही. बौद्ध आचार्य दिङ्नागांनी एकाऐवजी दोन दिसणाऱ्या चंद्रांचा दाखला दिला आणि ज्ञानाला बाहेरची वस्तू लागतच नाही, इथवर मजल मारली. मला नैयायिकांची बाजू अधिक पटते, कारण ती व्हल्कनलाही लागू पडते: ग्रह इतरत्र खरे, सूर्याजवळची जागा खरी, फक्त दोहोंचा जोड खोटा.

गैरसमज: मनातली प्रत्येक अवस्था कशाबद्दल तरी असतेच, यात वाद नाही.

तत्त्वज्ञ ब्रेंटानो यांनी 1874मध्ये कशाबद्दल तरी असणे हेच मनाचे लक्षण मानले. न्यायदर्शनात मात्र ज्ञान, इच्छा, द्वेष, प्रयत्न यांना विषय असतो, सुखदुःखाला स्वतःचा विषय नसतो. अमेरिकन तत्त्वज्ञ सर्ल यांनीही कारणाशिवाय दाटणारी अस्वस्थता अपवाद म्हणून दाखवली. उलट, दातदुखीसुद्धा शरीरातल्या इजेचीच खबर देते, असे मानणारा पक्ष आजही भक्कम आहे. हा वाद सुटलेला नाही.