विनोदी म्हातारी पुरुषानेंच करावी काय?

इंग्लंडांत नाताळ जवळ आला कीं लहानमोठ्या बहुतेक गांवांतील नाटकगृहांवर एकाच प्रकारच्या खेळाच्या जाहिराती झळकूं लागतात. त्या खेळास तिकडे ‘पँटोमाइम’ म्हणतात. कोशांत पाहूं गेल्यास या शब्दाचा अर्थ मूकनाट्य असा सांपडेल. परंतु हा खेळ मुका तर नाहींच, उलट याच्याइतका कलकलाट दुसऱ्या कोणत्या नाटकांत होत असेल असें वाटत नाहीं. गाणीं, नाच, शाब्दिक कोट्या, सरत्या वर्षांतील राजकारणावर टोमणे, मध्येंच प्रेक्षकांतील मुलांकडे भिरकावलेली मिठाई, असा सगळा थाट असतो. कथानकें मात्र ठराविक. अल्लाउद्दीनाचा दिवा, सिंड्रेला, जॅक आणि आभाळाला भिडलेला त्याचा वेल, अशा परीकथांपैकीं एखादी घ्यावयाची आणि तिच्यांत वाटेल तेवढा धुडगूस घालावयाचा. दुष्ट पात्र पाठीमागून येऊं लागलें कीं मुलें ओरडून नायकाला सावध करतात आणि शेजारीं बसलेले आजोबाहि त्यांत आपला आवाज मिसळतात. तीन पिढ्या एका रांगेंत बसून पाहतात असे खेळ कोणत्याहि देशांत थोडेच असतात. हा त्यांपैकीं एक.

या खेळाची एक जुनी चाल अशी कीं, तरुण नायकाचें काम तरुण स्त्रीनें करावयाचें आणि नायकाची आई, दाई किंवा स्वयंपाकीण अशी जी विनोदी म्हातारी असते तिचें काम पुरुषानें. या म्हातारीला ‘डेम’ असें नांव आहे. आतां या चालीवर दोन आक्षेप घेतले जातात. एक असा कीं, पुरुषानें लुगडें नेसून—तिकडच्या भाषेंत घागरा घालून—वृद्ध स्त्रीची नक्कल करावी आणि सर्वांनीं हंसावें, हा वृद्ध स्त्रियांचा उपमर्द होय. दुसरा असा कीं, वय झालेल्या नटींना रंगभूमीवर कामें आधींच कमी. त्यांतलें हें एक भरदार काम पुरुषांनीं अडवून ठेवावें हा अन्याय होय. प्रश्न परक्या देशाचा आहे खरा, पण ज्या रंगभूमीवर स्त्रीपार्टी नटांनीं अर्धें शतक राज्य केलें, तिच्या प्रेक्षकांना त्याविषयीं बोलण्याचा थोडाबहुत अधिकार पोंचतो असें आम्हांस वाटतें.

प्रथम इतिहास थोडक्यांत सांगूं. शेक्सपिअरच्या काळीं इंग्लंडांतहि स्त्रियांचीं कामें मुलगेच करीत. १६६० सालीं राजा दुसरा चार्ल्स गादीवर आला, नाटकगृहें पुन्हा उघडलीं आणि स्त्रिया रंगभूमीवर आल्या. १६६२ च्या राजपत्रानें तर स्त्रियांचीं कामें स्त्रियांनींच करावीं असें ठरविलें. नायिका अशा रीतीनें नटींकडे गेल्या. म्हातारी मात्र सर्वस्वीं गेली नाहीं. जेम्स नोक्स नांवाचा विनोदी नट दाईचें काम असें कांहीं करी कीं लोक त्याला ‘दाई नोक्स’ म्हणूनच ओळखूं लागले. १८०६ सालीं कॉव्हेंट गार्डन येथें गाजलेल्या ‘मदर गूस’ या खेळांतील म्हातारी सॅम्युअल सिमन्स या नटानें केली होती. १८६१ मध्यें बायरन या नाटककारानें—हा तो कवि नव्हे—अल्लाउद्दीनाच्या आईला ‘विडो ट्वँकी’ हें नांव दिलें. ट्वँके हा त्या काळच्या चिनी हिरव्या चहाचा एक प्रकार. बाई विधवा, पेकिंग शहरांत लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी, पोरगा उनाड. आणि नांव चहाचें! हें नांव इतकें रुजलें कीं आजहि अल्लाउद्दीनाच्या खेळांत ती धोबीणबाई याच नांवानें वावरते.

परंतु या पात्राला खरा जीव दिला तो डॅन लेनो यानें. लेनो १८६० सालीं लंडन शहरांत जन्मला. आईबाप दोघेहि फिरस्ते कलावंत, घरीं दारिद्र्य. चारपांच वर्षांचा असतांनाच तो लोकांसमोर उभा राहिला. पुढें लांकडी जोड्यांचा नाच करण्यांत त्यानें नांव मिळविलें. अंगानें ठेंगणा, चेहरा बारीक, भुवया कमानदार, आणि डोळ्यांत सदा कसली तरी काळजी. १८८८ पासून १९०४ च्या आरंभापर्यंत ड्रुरी लेन या थोरल्या नाटकगृहांत नाताळच्या खेळांतून तो दिसत राहिला. त्याच्या बायका कोण असत? घरभाड्यासाठीं खोळंबलेल्या, नवऱ्यावर चिडलेल्या, शेजारणीच्या उखाळ्यापाखाळ्या काढणाऱ्या गरीब बायका. त्याच्या एका प्रसिद्ध भाषणांत कोणी एक मिसेस केली नांवाची शेजारीण आहे. ती रंगभूमीवर येतच नाहीं. पण लेनो तिच्याविषयीं अशा खात्रीनें बोले, कीं ती सर्व प्रेक्षकांच्या बिऱ्हाडाशेजारींच राहत असावी. चाळींत वाढलेल्या आमच्या वाचकांना याची गंमत वेगळी समजावून सांगावयास नको.

१९०२ सालीं हिकरी वुड या लेखकानें मुद्दाम त्याच्यासाठीं ‘मदर गूस’ लिहिलें. यांतील म्हातारी दरिद्री आणि कुरूप. तिच्या पदरीं सोन्याचीं अंडीं घालणारी हंसी येते. पैसा मिळतो, पण रूप नाहीं, याचें तिला दुःख. आणि रूपाच्या लोभानें ती त्या हंसीला गमावून बसते. प्रेक्षक पोट धरधरून हंसत, आणि हंसतां हंसतां आपण कशाला हंसलों हेंहि त्यांच्या ध्यानांत येत असावें. पुढें लेनोच्या मनावर परिणाम झाला आणि १९०४ च्या आक्टोबरांत, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, तो वारला. मॅक्स बीअरबोमसारख्या चोखंदळ टीकाकारानें त्याच्यावर मृत्युलेख लिहिला, यावरून त्याची योग्यता कळून येईल.

आतां येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे, नाहींतर आमच्याकडील उदाहरणें चुकीच्या जागीं लावलीं जातील. बालगंधर्वांनीं १९०५ सालीं मिरजेस शकुंतलेचें काम केलें तेव्हांपासून पुढील पंचवीसतीस वर्षें त्यांच्या कलेचें सर्व रहस्य यांतच होतें कीं, समोर पुरुष उभा आहे हें प्रेक्षकांनीं विसरावें. त्यांची नऊवारी नेसण्याची तऱ्हा, अंबाड्यावरील फुलें, पदर सांवरण्याची लकब, हें सारें पुण्यामुंबईच्या घरंदाज स्त्रियांनीं उचललें. इंग्रजी ‘डेम’चें रहस्य नेमकें उलट. तेथें पुरुष आहे हें एक क्षणभरहि विसरूं द्यावयाचें नाहीं. आवाज पुरुषी, चाल पुरुषी, गालांवर लाल रंगाचे दोन ठिपके, डोक्यावर केसांचा भलताच टोप, आणि प्रत्येक प्रवेशाला पहिल्याहून अधिक हास्यास्पद पोशाख. रूपवती नायिकेच्या ठिकाणीं पुरुष उभा राहतो तो नटी मिळत नाहीं म्हणून. नटी मिळूं लागल्यावर तें कारण संपतें. १९३३ सालीं ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आलें, स्त्रियांचीं कामें स्त्रियांनीं केलीं, आणि हळूहळू स्त्रीपार्टी नायिकेचें युग मावळलें. त्याबद्दल हळहळणारे रसिक आम्ही पुष्कळ ऐकले आहेत. पण झालें तें योग्यच झालें.

मग ज्याला नटीची उणीव हें कारणच नाहीं त्या म्हातारीचें काय? याचें उत्तर संगीत नाटकांत सांपडणार नाहीं, तमाशांत सांपडेल. गौळणींचा मेळा दूधदही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतो, कृष्ण आणि त्याचा सोबती पेंद्या वाट अडवितात, आणि गौळणींच्या पुढें येऊन त्यांच्याशीं भांडते ती मावशी. ही मावशी म्हणजे पुरुष. डोक्यावरून पदर घेतलेला, मिशी असल्यास ती झांकण्याचीहि फारशी फिकीर नाहीं. तमाशांत नाचणाऱ्या, गाणाऱ्या स्त्रिया आहेत, तरीहि मावशी पुरुषच राहिली. आमच्या पांढरपेशा घरांतून तमाशाचें नांव काढणेंहि कित्येक वर्षें निषिद्ध होतें. त्यामुळें मावशीची आणि आमच्या बायकांची गांठ पडली नाहीं. पडती तर त्यांना ती आवडली असती असा आमचा तर्क आहे. कारण घोळक्यांतल्या तरुण मुली लाजून मागें सरतात तेव्हां प्रत्यक्ष देवाला ‘तूं कोण आम्हांला अडविणारा?’ असें सुनावण्याची छाती या एकटीलाच असते.

विडो ट्वँकी आणि मावशी यांच्या देशांत हजारों कोसांचें अंतर. एकीनें दुसरीला पाहिलेलें नाहीं. तरी दोघींची जात एक दिसते. दोघी वयस्क, कष्टाळू, तोंडाळ आणि कोणाला न भिणाऱ्या. यावरून पहिल्या आक्षेपाचा विचार करतां येतो. आमच्या घरांतील विधवा कशी होती? आमच्या पणजोबांच्या काळीं तिचें केशवपन झालेलें, अंगावर आलवण, स्वयंपाकघर आणि देवघर यांपलीकडे तिला जग नाहीं. अण्णासाहेब कर्व्यांनीं १८९३ सालीं स्वतः विधवेशीं विवाह केला आणि १८९६ सालीं विधवांसाठीं आश्रम काढला, तेव्हां केवढें काहूर उठलें! अशा स्त्रीची रंगभूमीवर थट्टा करण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं, हें तिच्याविषयींच्या आदराचें लक्षण होतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. तिला हंसण्याचीच मुभा नव्हती, मग हंसविण्याची गोष्ट दूरच. आणि तिकडे, धुणें धुणारी विधवा भडक रंगाचे कपडे घालून, गाणें गात, सरकारी शिपायाची टर उडवीत, दुसऱ्या लग्नाच्या गोष्टी बोलत रंगभूमीच्या मधोमध उभी! हिला उपमर्द म्हणावयाचें असेल तर जरा थांबून म्हणावें.

परंतु आक्षेप अगदींच पोकळ आहे असेंहि नव्हे. विनोद दोन ठिकाणांहून निघूं शकतो. म्हातारी घरमालकाला कशी चुकविते, राजाला कसें उलट उत्तर देते, यांतून निघाला तर प्रेक्षक तिच्या बाजूनें हंसतात. तिचें ओघळलेलें शरीर, पडलेले दांत, तिला आतां कोण विचारतो, यांतून निघाला तर तिला हंसतात. नातवाला घेऊन तिसऱ्या रांगेंत बसलेल्या आजीबाईंना हा फरक कोणी शिकवावा लागत नाहीं. पहिल्या वेळीं त्या मोकळ्या हंसतात, दुसऱ्या वेळीं पदर तोंडाशीं नेतात. आणि दुसऱ्या प्रकारचा विनोद पुरुषाला फारच सोपा जातो, कारण खेळ संपल्यावर केसांचा टोप आणि घागरा उतरवून तो घरीं जातो. म्हातारपण त्याचें नव्हतेंच. आमचा पुरुष नटांवर रोष आहे तो एवढ्यापुरता.

त्यांच्या बाजूचीं कारणेंहि ऐकलीं पाहिजेत. चाल जुनी आहे हें कारण आम्ही मोजीत नाहीं. केशवपनहि जुनेंच होतें. मात्र एक कारण विचार करण्यासारखें आहे. या खेळांत म्हातारी सारखी पडते, आपटते, तिच्यावर पीठ सांडतें, पाण्याच्या बादल्या ओततात. साठीची खरीखुरी बाई तशी पडली तर प्रेक्षकांचें काळीज चर्र होईल. धडधाकट पुरुष पडतो आहे हें ठाऊक असलें म्हणजे मुलें निर्धास्त हंसतात. ही सोय खरी आहे. उलट, स्त्रिया स्वतःला कुरूप करून घ्यावयास तयार नसतात, हें जें सांगतात तें निखालस खोटें. नेली वॉलेस (१८७०–१९४८) या नटीनें विटके, ओंगळ कपडे घालून, आपल्याच चेहऱ्याची थट्टा करीत हीं कामें केलीं आणि लोकांनीं तिला डोक्यावर घेतलें.

आमच्याकडील मध्यमवर्गानें मावशीला घरांत घेतलें तें तमाशाच्या वाटेनें नव्हे, इंग्रजी वाटेनें. ब्रँडन टॉमस याचें ‘चार्लीज आन्ट’ हें प्रहसन १८९२ सालीं आलें आणि लंडनांत त्याचे ओळीनें १४६६ प्रयोग झाले. आचार्य अत्र्यांनीं त्यावरून ‘मोरूची मावशी’ रचली. आणि १९८० नंतरच्या दशकांत विजय चव्हाणांनीं ती मावशी अशी गाजविली कीं आज पन्नाशींत असलेल्या वाचकांना ती आठवून अद्याप हंसूं येईल. येथें कथानकांतच पुरुषानें मावशीचें सोंग घेतलेलें असतें. हंसें होतें तें कोणा स्त्रीचें नव्हे, तर धनाच्या आशेनें त्या सोंगाभोंवतीं रुंजी घालणाऱ्या पुरुषांचें. म्हणूनच या नाटकाला आजी, सुना, नाती साऱ्या एकत्र जाऊं शकल्या.

तेव्हां पुरुषानें हें काम करूंच नये असें आम्ही म्हणत नाहीं. इयान मॅकेलनसारख्या, किंग लिअर करणाऱ्या नटानें २००४ सालीं ओल्ड व्हिक येथें विडो ट्वँकी केली आणि २०२२ सालीं, त्र्याऐंशी वर्षांच्या वयांत, ‘मदर गूस’ केली. असें काम मोडीत काढा म्हणणें अरसिकपणाचें होईल. आमची तक्रार निराळीच आहे. वर सांगितलेंच कीं याच खेळांत नायकाचें काम स्त्रीकडे असे. १९६४ सालीं लंडन पॅलेडियममध्यें क्लिफ रिचर्ड या लोकप्रिय गायकानें अल्लाउद्दीन केला, आणि गेल्या साठसत्तर वर्षांत तें काम पुष्कळ ठिकाणीं पुरुषांकडे गेलें आहे. म्हणजे उलटापालट करण्याची मौज होती ती अर्धीच उरली. पुरुषानें स्त्री होणें चालतें, स्त्रीनें पुरुष होणें मागें पडलें. परंपरेच्या नांवानें म्हातारी राखून ठेवणाऱ्यांनीं त्याच परंपरेनें नायक स्त्रियांना परत द्यावा. आणि ज्या वर्षीं एखादी नेली वॉलेस त्यांच्या दारीं येईल त्या वर्षीं म्हातारीचा घागराहि तिच्या हवालीं करावा. तमाशाच्या फडांतहि एखाद्या पोक्त, तोंडाळ बाईनें मावशी होऊन कृष्णाची वाट अडवून पाहण्यास काय हरकत आहे? पेंद्याची बोबडी वळलेली पाहावयास आम्ही आनंदानें येऊं.