बिरवाडीचा विंचू आणि भरतीचं मैदान

विंचू चावलेला माणूस ठणक्याने ओरडत आला, तर तो बहुधा वाचतो. दंशाच्या जागी फारसं दुखत नाही, पण ओकाऱ्या होताहेत, दरदरून घाम सुटलाय, हातपाय गार पडलेत, अशा रुग्णाच्या उशापासून मात्र हलायचं नाही. १९७६ साली ही खूण ओळखणारे डॉक्टर विरळाच होते.

त्या साली जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू तेव्हा माणसं मारत होता, त्यातही मुलं आणि धडधाकट शेतकरी. ॲट्रोपिन, स्टेरॉइड, लघवीचं औषध, सगळं देऊन व्हायचं, तरी रुग्ण दगावत. बावस्कर रुग्णाजवळ बसून राहिले, नाडी आणि रक्तदाब टिपत गेले. त्या टिपणांतून एक क्रम दिसू लागला. आधी रक्तदाब चढतो. मग हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं, तोंडाला गुलाबी फेस येतो आणि बघता बघता माणूस जातो. काल शेतात राबणाऱ्या माणसाचं हृदय रातोरात निकामी का व्हावं?

विंचवाचं विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडी ठेवतं. मज्जातंतूंची टोकं आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथी शरीराच्याच ॲड्रेनालिन, नॉरॲड्रेनालिनचा पूर सोडतात. रक्तवाहिन्या आवळतात आणि आवळलेल्या वाटेतून रक्त ढकलता ढकलता हृदयाचा स्नायू जखमी होतो. म्हणजे आवळलेल्या वाहिन्या सैल करायला हव्यात! पुण्यात एम.डी. करून बावस्कर कोकणात परतले, तेव्हा हा विचार त्यांच्या डोक्यात पक्का होता. आधी त्यांनी शिरेतून नायट्रोप्रुसाइड दिलं. पण त्याच्या प्रत्येक थेंबावर पहारा लागतो, खेड्यात ते कसं निभावणार? मग प्राझोसिन हाती आलं. रक्तदाबाची साधी, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९८२ साली लक्षणं छापून आली, १९८६ साली पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह औषध. तीस-चाळीस टक्क्यांच्या घरातले मृत्यू एक टक्क्याच्या आसपास आले. पद्मश्री मिळायला मात्र २०२२ उजाडलं.

बिरवाडीचा हा धडा आज भरतीच्या मैदानावरही लागू पडतो. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे. जिल्ह्यातली पोरं भरतीसाठी पहाटेपासून पळतात. राखीव बलासाठी ५ किलोमीटर, जिल्हा पोलिसासाठी १६०० मीटर. घरची कोरडवाहू जमीन आणि वयाची अट, दोन्ही पाठीला लागलेली असतात. अशा पोरांना कुणी ‘दम टिकतो’ म्हणून मेफेंटरमाइनचं इंजेक्शन सुचवलं, तर बिरवाडीच्या खाटेवर काय झालं ते त्यांना कळायला हवं. भूल देताना घसरलेला रक्तदाब वर आणायचं हे औषध. राज्यातल्या व्यायामशाळांभोवती त्याचा चोरटा व्यापार चालतो, पुणे पोलिसांनी त्याचे साठेही पकडले आहेत.

मेफेंटरमाइन मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनालिन बाहेर ढकलतं. विंचवाचं विष शेवटी तेच करतं. फरक मात्रेचा आणि वेगाचा. महिनोन्‌महिने पळण्याने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला शिकतं, विश्रांतीतली नाडी मंदावते. ही खरी कमाई. सुई टोचली की नाडी पुन्हा चढते, त्यात धावण्याचं ॲड्रेनालिन मिसळतं. हृदयाच्या स्नायूला स्वतःचं रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या फटीत मिळतं. ठोके वाढले की ती फट आखडते. मागणी वाढते, पुरवठा आटतो. अशा हृदयाचा ताल मैदानावरच बिघडू शकतो, आणि इंजेक्शनची सवय लागलेल्यांची हृदयं फुगून कमजोर झाल्याच्या नोंदी भारतीय डॉक्टरांनी केल्या आहेत.

बावस्करांचा २०११चा अभ्यास ‘बीएमजे’त आला. विंचवाच्या विषावरचं प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिलेले ९१ टक्के रुग्ण दहा तासांत सावरले, नुसत्या प्राझोसिनवर २३ टक्के. इंजेक्शनवाल्या पोराला हे प्रतिविष उपयोगाचं नाही, आणि प्राझोसिनची गोळी घरी देऊ नये. तो मैदानात कोसळला, छाती दुखते म्हणाला, तर १०८ला फोन करा. श्वास थांबला असेल तर छाती दाबत राहा. खिशात बाटली सापडली तर ती डॉक्टरांच्या हातात द्या. पोलीस, भरती, अपात्रता यांचं नंतर बघू.