मनाच्या उपचाराला सुरुवात करताना



आपल्या कार्यक्रमात आपण कापसावरची बोंडअळी, तुरीवरचा मर, मोसंबीचा डिंक्या यांवर नेहमी बोलतो. या पत्रकाचा विषय थोडा वेगळा आहे. माणसाचे मन आजारी पडले तर उपचार कसा सुरू होतो, पहिल्या दिवशी काय विचारतात, किती दिवस लागतात, याची साधी माहिती येथे दिली आहे. शेतीच्या माणसाने हे कशाला सांगावे, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण आधी सांगतो.

तीन वर्षांमागे आपल्या अंबड तालुक्यातले एक मोसंबी बागायतदार माझ्याकडे आले. वय पन्नाशीचे. झाडाच्या बुंध्यातून डिंक गळतो म्हणाले. बोर्डो पेस्ट कशी करायची, कुठवर लावायची, ते मी कागदावर लिहून दिले. कागदाची घडी करता करता ते म्हणाले, "साहेब, झाडाचं होईल काहीतरी. मला दोन महिने झाले, रात्री डोळ्याला डोळा नाही. शेतात पाऊल टाकू वाटत नाही." मी म्हणालो, "काका, पाऊस पडला की सगळं ठीक होईल." आणि पुढच्या माणसाचा अर्ज हातात घेतला. तिथे माझे चुकले.

पंधरा दिवसांनी घरी एकटे असताना त्यांच्या मनात नको तो विचार आला. भावजयीच्या ते वेळीच लक्षात आले. तिने गावातल्या आशाताईंना बोलावले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेले. आज काका बाग पाहतात, बाजार करतात. तेच मला म्हणाले, "माझं नाव घालू नका, पण दवाखान्यात काय काय होतं ते लिहा. आधी कळलं असतं तर मी इतका भ्यालो नसतो."

म्हणून हे पत्रक.

कधी जावे?

काळजी सर्वांनाच असते. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. अशा वेळी मन खचणारच. पण पुढील खुणा दोन आठवड्यांहून जास्त टिकल्या, तर तो नुसता काळजीचा भाग राहत नाही, आजार असू शकतो :

१. झोप न लागणे किंवा पहाटे लवकर जाग येऊन घोर लागणे.
२. अन्न गोड न लागणे, वजन उतरणे.
३. रोजच्या कामात, माणसांत, सणावारात जीव न रमणे.
४. अंग मोडून येणे, डोके जड होणे, छाती धडधडणे, आणि तपासणीत काही न निघणे.
५. चिडचीड वाढणे, दारू वाढणे.
६. "मी घरच्यांवर ओझं झालोय", "आता सुटका हवी" असे वाटणे.

सहावी खूण एक दिवस जरी दिसली, तरी दोन आठवड्यांची वाट पाहू नये. त्याच दिवशी मदत घ्यावी.

कुठे जावे?

पहिली पायरी गावातलीच आहे. आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर यांना सांगावे. राज्याच्या आरोग्य विभागाने २०१५ साली मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात जालना जिल्हाही होता. तेव्हापासून आशाताईंना ही विचारपूस नवी नाही. केंद्रातून पुढे अंबडच्या सरकारी दवाखान्यात किंवा जालन्याला पाठवतात. जालन्याला एसटीने जाऊन त्याच दिवशी परत येता येते.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत. पैशाच्या भीतीने थांबू नये.

जाणे जमत नसेल तर १४४१६ हा क्रमांक फिरवावा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही 'टेली मानस' सेवा आहे. मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत, रात्रीही फोन उचलतात.

पहिल्या भेटीत काय होते?

काकांना वाटले होते, आत गेले की इंजेक्शन देतील, नाहीतर शॉक देतील. तसे काही झाले नाही. खुर्चीवर बसवले, पाणी दिले आणि विचारपूस केली. आपण शेताची माती तपासायला पाठवतो तेव्हा आधी माहिती भरून देतो : मागचे पीक कोणते, खत काय दिले, पाणी कुठले. पहिली भेट बरीचशी तशीच असते.

साधारणपणे हे विचारतात : त्रास कधीपासून आहे? झोप, भूक कशी आहे? घरात कोण कोण आहे? दारू, तंबाखू किती? पूर्वी कोणता आजार होता? घरात कोणाला असा त्रास झाला होता का? कर्जाचा, जमिनीचा, मुलीच्या लग्नाचा काही ताण आहे का?

आणखी एक प्रश्न सरळ विचारतील : "जीव द्यावा असं कधी मनात येतं का?" हा प्रश्न ऐकून दचकू नये. विचारल्याने तो विचार वाढत नाही, उलट सांगितल्याने माणूस मोकळा होतो. येत असेल तर "होय" म्हणावे. पुढची व्यवस्था त्या उत्तरावर ठरते.

सगळे एकाच दिवशी सांगितले पाहिजे असे नाही. रडू आले तर येऊ द्यावे. समोरच्या माणसाला त्याची सवय असते. तुम्हीही विचारावे : मला काय झाले आहे, किती वेळा यावे लागेल, गोळ्या लागतील का?

पुढच्या भेटींत काय होते?

"नुसतं बोलून काय होणार?" हा प्रश्न काकांनी विचारला, तुम्हीही विचाराल. याचे उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यात मिळाले आहे. तिथे संगाथ या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. गावपातळीवरच्या साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केले. तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांशी ते आठवड्याला एकदा, अर्धा-पाऊण तास, अशा सहा ते आठ भेटींत बोलत. २०१७ साली निकाल प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनी, ज्यांना हे समुपदेशन मिळाले त्यांच्यापैकी १०० त ६४ जण आजारातून बाहेर आले होते. ज्यांना फक्त दवाखान्यातले उपचार मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण १०० त ३९ होते.

या भेटींत नुसत्या गप्पा नसतात, काम असते. मन खचले की माणूस काम सोडतो. काम सोडले की मन आणखी खचते. हे चक्र उलटे फिरवायचे असते. मन लागेपर्यंत थांबायचे नाही, आधी लहानसे काम करायचे, मन हळूहळू मागून येते.

काकांना पहिल्या आठवड्यात एवढेच सांगितले : सकाळी उठून बागेच्या बांधापर्यंत जाऊन यायचे. काम करायचे नाही, नुसते जाऊन यायचे. कोणत्या दिवशी गेलो, परत आल्यावर कसे वाटले, हे वहीत लिहायचे. दुसऱ्या आठवड्यात एका ओळीचे आळे साफ करायचे. तिसऱ्या आठवड्यात मित्राकडे चहाला जायचे. चौथ्या भेटीत कर्जाचा विषय निघाला. तोवर ते "खूप कर्ज झालंय" एवढेच म्हणत. समुपदेशकांनी कागद पुढे केला : सोसायटीचे किती, बँकेचे किती, हातउसने किती, कोणाला आधी भेटायचे. आकडा तोच राहिला, पण बँकेत जाऊन मुदतीबद्दल विचारण्याचे बळ आले.

हे नीट समजून घ्यावे. समुपदेशक कर्ज फेडत नाही, पाऊस पाडत नाही, भाव वाढवत नाही. "असं करा, जमीन विका" असा हुकूमही देत नाही. त्या संकटांपुढे उभे राहायला जे डोके थंड लागते, ते परत मिळवून देतो.

चढउतार होतात

पहिल्या दोन-तीन भेटींनंतर काहींना जास्त जड वाटते. दाबून ठेवलेले वर आलेले असते. त्याने घाबरू नये, पुढच्या भेटीत तसे सांगावे. एका पाण्यावर पीक येत नाही. निदान सहा भेटी पूर्ण कराव्यात. इतके करूनही समुपदेशकाशी मन मोकळे होत नसेल, तर दुसरा समुपदेशक मागावा. बाईमाणसाला बाईंशीच बोलायचे असेल तर तसे सांगावे, त्यात संकोच नको.

गोळ्या लागल्या तर

सर्वांना लागत नाहीत. त्या मनोविकारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित डॉक्टर देतात. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ, सुस्ती वाटू शकते, ती डॉक्टरांना सांगावी. बरे वाटू लागले म्हणून मनाने गोळी बंद करू नये. शेजाऱ्याची गोळी आपण घेऊ नये. गोळीवर दारू पिऊ नये.

लोक काय म्हणतील?

"गावात कळलं तर येडा म्हणतील," ही भीती खरी आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे तुमची माहिती गुप्त ठेवणे दवाखान्यावर बंधनकारक आहे. मात्र जिवाला धोका दिसला, तर वाचवण्यापुरते घरच्यांना सांगतात. त्याच कायद्याने जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र ताणाखाली असलेला माणूस मानले आहे, त्याला उपचार देणे ही सरकारची जबाबदारी आहे. पोलिसांच्या भीतीने कोणी माहिती लपवू नये.

देवीला नवस बोलला असेल तर तो जरूर फेडावा, मत्स्योदरीच्या पायऱ्या चढाव्यात, मनाला आधार मिळतो. पण त्यासाठी दवाखान्याची तारीख चुकवू नये.

घरच्यांसाठी

पहिल्या भेटीला सोबत जावे, पण त्यांना आत एकट्याने बोलू द्यावे. "रिकामं बसून असं होतं", "मन खंबीर कर" असे बोलू नये. "मी बसलोय, सांग" एवढे पुरते.

फवारणीची औषधे घरात ठेवू नयेत. कुलपात ठेवावीत आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. उरलेले औषध भावकीत किंवा कृषी केंद्रवाल्याकडे ठेवता आले तर उत्तम. वाईट विचाराची लाट बहुधा काही काळाने ओसरते. तेवढा वेळ औषध हाताशी नसले, तर माणूस वाचू शकतो. त्या वेळी त्याला एकटे सोडू नये. तातडीला १०८ ची गाडी बोलवावी, १४४१६ ला फोन करावा.

ध्यानात ठेवा

- दोन आठवडे झोप, भूक, काम बिघडले तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगा.
- पहिली भेट म्हणजे विचारपूस. खरे तेवढे सांगा.
- निदान सहा भेटी. दिलेले लहान काम रोज करा, वहीत लिहा.
- गोळी मनाने सुरू किंवा बंद करू नका.
- फवारणीचे औषध कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे.
- फोन : १४४१६, तातडीला १०८.

आणि एक विनंती. पिकाचा प्रश्न घेऊन आमच्याकडे याल, तेव्हा झोप लागत नसेल तर तेही सांगा. आता मी अर्ज बाजूला ठेवून ऐकतो. गोळी देणे माझे काम नाही, पण कुठे जायचे ते सांगेन, आणि लागले तर सोबत येईन.

आपला,
विस्तार अधिकारी (कृषी), अंबड